सवतीचा जाळ

तळ्यावर पाणी दिसायचं बंद झालं, तेव्हापासून थोरली त्या हिरव्या पसाऱ्याला सवत म्हणू लागली.

"आधी कोपऱ्यात जागा मागितली," ती सांगायची, "मग ओसरी घेतली. आता घरात मीच पाहुणी."

काठापासून नजर पोहोचेल तिथवर जलपर्णी पसरली होती. जाड चकचकीत पानं, फुगीर देठ आणि वर जांभळी फुलं. फुलं देखणी होती, आणि थोरलीचा खरा राग त्यावरच होता. रस्त्याने जाणारे लोक थांबून फोटो काढत. "सवत कुरूप असती तर निदान लोकांनी माझी बाजू घेतली असती," ती म्हणायची.

तिच्या लेकाने त्या सकाळी पुन्हा एकदा होडी ढकलून पाहिली. होडी आपल्या लांबीइतकी आत गेली आणि थांबली. त्याने वल्ह्याने रेटा दिला. वल्हं मुळांच्या गुंत्यात रुतलं. ते सोडवताना त्याचा तोल गेला आणि तो कमरेपर्यंत चिखलात उभा राहिला. काठावर धुणं घेऊन आलेल्या बायकांनी तोंडं फिरवली, पण त्यांचे खांदे हलत होते.  होडी ओढून त्याने खुंटाला बांधली आणि तसाच ओला घरी आला.

घर काठालाच होतं. दोन खोल्या, मागे पडवी आणि पुढे घरापेक्षा मोठं अंगण. अंगणात मासे वाळवायचे बांबूचे मांडव ओळीने उभे होते. आता ते रिकामे होते आणि त्यांवर चिमण्या बसत. एरवी चिमणीची काय बिशाद होती! थोरली काठी घेऊन दिवसभर राखण करायची. तिचे सुके मासे आसपासच्या सगळ्या बाजारांत नावाजलेले होते. ती मासा नाकाशी धरायची, मग पोटापाशी अंगठा दाबायची आणि सांगायची, झाला की नाही. तिने "झाला" म्हटलेला मासा कधी नासला नव्हता.

सून, म्हणजे धाकटी, शेतकऱ्याच्या घरातून आलेली. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात आभाळ आलं म्हणून तिने एक मांडव घाईने उतरवला होता. थोरलीने त्यातला एक मासा दाबून पाहिला आणि सगळीच्या सगळी टोपली तळ्यात ओतली. "अर्धवट वाळलेलं नासतं," ती शांतपणे म्हणाली होती, "आणि शेजारच्यालाही नासवतं." तेव्हापासून त्या अंगणात काय वाळलं आणि काय नाही, हे धाकटीने कधी ठरवलं नव्हतं.

दुपारी जेवताना लेकाने विषय काढला. तो ताटाकडे बघून बोलत होता.

"हमरस्त्यावरचा हॉटेलवाला येऊन गेला. होडी मागतोय."

"त्याला कुठे मासे धरायचेत?"

"मासे नाही. बागेत ठेवणार म्हणतो. माती भरून फुलं लावणार."

थोरलीचा घास हातातच राहिला. "होडीत माती?"

"हो."

"पाणी आत येऊ नये म्हणून तुझा बाप जन्मभर तिला डांबर लावत बसला. आणि हा झारीने पाणी घालणार?"

लेकाने ताटातला भात एका बाजूला ओढला. मग म्हणाला, "बर्फाच्या कारखान्यात जागा आहे, आई. खोलीही देतात. हिला आणि तुला घेऊन जाईन. शाळेची सुट्टी संपेपर्यंत तळं मोकळं होतंय का बघू, म्हणालोय त्यांना. हॉटेलवाल्यालाही तेच सांगितलंय."

"आजवर बर्फ विकत आणला, आता फोडायला जायचं," थोरली म्हणाली. "खोलीला अंगण आहे का?"

"तिसऱ्या मजल्यावर आहे."

थोरलीने पाणी प्यायलं आणि उठली. धाकटी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला कारखान्याचं भय नव्हतं. पण नवऱ्याने "होडी" हा शब्द उच्चारताना आवाज किती खाली नेला, ते तिच्या कानाने टिपलं होतं.

*

शाळेच्या मोठ्या बाईंनी बोलावणं धाडलं ते त्याच आठवड्यात. शाळेत मुलांचं दुपारचं जेवण लाकडावर शिजत असे. स्वयंपाकघराच्या भिंती काळ्या झाल्या होत्या आणि स्वयंपाकीणबाईंचे डोळे लाल. बाईंनी कुठूनशी खटपट करून गॅसची टाकी मिळवली होती. स्वयंपाकघरामागे ती बसवून झाली होती. जमिनीत अर्धी गाडलेली काळी टाकी, आणि तिच्यात उलटं घातलेलं दुसरं पिंप, टोपीसारखा. टोपीच्या डोक्यावरून एक नळी भिंतीतून आत शेगडीपर्यंत गेली होती.

टाकी बसवणारा तरुण मोटारसायकलवर पाय टाकून बसला होता. गावाने त्याचं नाव लगेच टाकीवाला पाडलं. थोरली आणि धाकटी दोघी गेल्या होत्या. लेक लांब कडुलिंबाखाली उभा राहिला.

"सोपं आहे, आजी," टाकीवाला म्हणाला. "टाकी म्हणजे पोट. आधी शेणकाला घालायचा, पाण्यात कालवलेलं शेण, म्हणजे पोटात जंतू येतात. मग रोज थोडी थोडी पर्णी भरवायची. आत ती कुजते, तिचा गॅस होतो. गॅस झाला की ही टोपी वर उचलली जाते. टोपी वर आली म्हणजे पोट भरलं."

"म्हणजे नासवायचं?"

"नासवायचंच."

"मी जन्मात काही नासवलं नाही रे बाबा."

"मग आता शिका," टाकीवाला हसला. "पर्णी बारीक चिरा. दिवसभर उन्हात टाका, मलूल होऊ द्या. मग भिजवून, कालवून टाकीत. पार वाळवू मात्र नका."

मोठ्या बाई म्हणाल्या, "जे घर रोज पर्णी आणून टाकी भरेल, त्याला हे काम बारा महिने. पगार शाळा देईल. आणि जेवढी पर्णी काढाल तेवढं पाणी मोकळं होईल, ते वेगळंच. पण शाळा उघडायच्या दिवशी शेगडी पेटली पाहिजे. नाहीतर टाकी दुसऱ्या गावी जाईल, तसं लिहून दिलंय मी."

थोरलीने टोपीवर हात ठेवून पाहिला. मग कडुलिंबाखाली उभ्या लेकाकडे नजर टाकली.

"सवतीला घरात घ्यायचं म्हणता," ती म्हणाली. "घेऊ. निदान चुलीत तरी घालता येईल."

*

शेण आणायचं काम धाकटीकडे आलं, कारण तिच्या माहेरी गुरं होती. गावात म्हशी होत्या त्या एकाच घरी. धाकटी दोन बादल्या घेऊन गेली तेव्हा म्हशीवाली दारातच बसली होती.

"अगंबाई! मासेवाल्यांच्या घरून बादली? दूध हवंय का?"

"शेण हवं होतं, मावशी. टाकीसाठी."

"मासे संपले, आता शेण खायची वेळ आली म्हण की." म्हशीवाली मोठ्याने हसली. गोठ्यातला गडीही हसला.

धाकटीचे कान तापले. पण ती माहेरी उकिरडा भरत वाढलेली बाई होती. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "खायला नाही, पेरायला हवंय. उगवलं तर तुम्हालाही वाढीन."

म्हशीवालीला उत्तर आवडलं असावं. तिने गोठ्याकडे बोट दाखवलं. "घे. पण सगळा गोठा झाडून घ्यायचा. निवडून नाही मिळणार."

धाकटीने रोज गोठा झाडला. बादल्या वाहून तिच्या तळहातांना कड्यांचे वळ पडले. टाकीपाशी ती शेणात पाणी घालून हाताने कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही. स्वयंपाकीणबाई नाकाला पदर लावून खिडकीतून बघायच्या. कालवलेला काला टाकीत गेला की आतून गुळगुळ आवाज यायचा आणि धाकटी टाकीला सांगायची, "जेव गं बाई, जेव."

लेक पर्णी काढायच्या कामाला लागला. होडी पुढे जात नव्हती, पण जागेवर उभी राहून कामाला येत होती. तो तिच्यात उभा राहून आकडीने पर्णी ओढायचा, आणि पाणी गाळत, मुळं लोंबवत ती होडीत येऊन पडायची. ओली पर्णी दगडासारखी जड. मुळांत चिखल, शेवाळ, कधी एखादा शिंपला, कधी बोटाएवढा मासा. मासा दिसला की तो थांबायचा. त्याला उचलून होडीपाठच्या मोकळ्या पाण्यात सोडायचा. पहिल्या दिवशी ती मोकळी जागा चादरीएवढी होती. नंतर खोलीएवढी झाली.

संध्याकाळी त्याच्या पोटऱ्यांना खाज सुटायची. धाकटी खोबरेल लावून द्यायची. तो म्हणायचा, "शेणाचा वास येतोय तुला."

"आणि तुम्हाला चिखलाचा. शोभतो जोडा."

अंगणात पर्णी आली की थोरली विळी घेऊन बसायची. मोठ्या माशांची ती रुंद पात्याची विळी. देठ चिरताना बारीक चुरचुर आवाज व्हायचा, आत सगळा स्पंज, हवेने भरलेला. चिरलेली पर्णी ती मांडवांवर पसरायची, अगदी माशांसारखी, एकावर एक येऊ न देता. मांडव पुन्हा भरले. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हंगाम चांगला चाललाय.

दुसऱ्या दिवशी पानं मलूल झाली. धाकटी म्हणाली, "आत्या, आता उतरवू का? टाकीवाल्याने एवढंच सांगितलं होतं."

थोरलीने एक देठ उचलला. नाकाशी धरला. अंगठा दाबला. देठ लिबलिबीत होता, बोटाला पाणी लागलं.

"हे झालं म्हणतेस?"

"तो म्हणाला, पार वाळवू नका."

"त्याने किती मांडव उतरवलेत आजवर? माझ्या अंगणातून अर्धवट काही बाहेर गेलं नाही, आणि जाणार नाही." तिने देठ परत मांडवावर ठेवला. "ती बघ, त्या टोकाची काळी पडली, घाण सुटली तिला. ती काढून टाक मागे."

 काळी पडलेली, चिघळलेली पर्णी, मुळांचे झुबके, विळीखालचा चुरा, सगळं तिने टोपलीत भरलं. पडवीत जाळी धुवायचं जुनं पिंप पडून होतं. टोपली त्यात रिकामी केली, वरून धुण्याचं पाणी ओतलं आणि माशा येऊ नयेत म्हणून फळी टाकली. रोजचं टाकाऊ तिथेच जात राहिलं.

मांडवांवरची पर्णी थोरलीने खडखडीत वाळवली. हातात घेतली की तुटायची, वाजायची. तिने ती पोत्यांत भरली. पोती इतकी हलकी झाली की लेकाने दोन्ही काखांत एकेक घेऊन शाळेपर्यंत नेली.

"बघ," थोरली म्हणाली, "वर्षभर राहील."

*

शेणकाल्याने टोपी आधी थोडी उचलली गेली. धाकटीने ते पहिल्यांदा पाहिलं आणि पळत घरी आली. सगळे जमले. स्वयंपाकीणबाईंनी काडी ओढली, चावी फिरवली. नळीतून फुस्स आवाज आला आणि काडी विझली. दुसरी विझली. तिसरीही विझली.

टाकीवाल्याने फोनवर सांगितलं, "पहिला गॅस पेटत नाही. सोडून द्या. पर्णी घालत राहा."

त्यांनी घातली. पोत्यांतली कोरडी पर्णी, मुठी भरभरून. टाकी ती घेत होती, पण आतून गुळगुळ आवाज येत नव्हता. दिवसामागून दिवस गेले. टोपी तिथेच. धाकटीने टोपी फिरवून पाहिली, टाकीवाल्याने शिकवल्याप्रमाणे, आतलं ढवळलं जावं म्हणून. टोपी फिरेना. लेकाने जोर लावला. टोपी तिरपी झाली आणि अडकून बसली.

टाकीवाला आला तेव्हा सुट्टीचा निम्म्याहून जास्त काळ सरला होता. त्याने टोपी उचलायला लावली. तिघांनी मिळून ती बाजूला ठेवली आणि आत वाकून पाहिलं. टाकीच्या तोंडावर पर्णीचा जाड थर बसला होता, घट्ट आणि वरून कोरडा. लेकाने त्यावर काठी आपटली तर ठक्कन वाजलं.

"तळ्यासारखीच तरंगतेय," तो हळूच म्हणाला.

टाकीवाल्याने थरातला एक तुकडा मोडून हातावर घेतला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण हसूही नव्हतं. "ही तर पार वाळवलीय. वाळली की आत नुसती हवा राहते, बुडतच नाही. वर दट्ट्या होऊन बसली आणि खालचं सगळं कोंडलं. मी सांगितलं होतं की नाही?"

 मोठ्या बाई थोरलीकडे बघत होत्या. थोरली टाकीकडे बघत होती. तिचा अंगठा नकळत तर्जनीवर घासत होता.

"माझ्याकडून झालं," धाकटी म्हणाली. "माझ्या ध्यानातून गेलं."

टाकीवाल्याने तिच्याकडे पाहिलं. "ताई, तुमच्या माहेरी गुरं ना? तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"हो. चुकलं."

लेकाने मान वर केली. त्याला खरं माहीत होतं. तो बोलायच्या आधीच धाकटीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प बसला.

"थर काढा, शेणकाला खाली शाबूत आहे," टाकीवाला म्हणाला. "पण आता ताजी पर्णी घालून ती कुजायला वेळ लागणार. शाळा उघडेपर्यंत होईल असं मला वाटत नाही. बघा तुम्ही."

घरी जाताना थोरली सगळ्यांच्या मागे चालली. एरवी ती सगळ्यांच्या पुढे असायची.

*

दुसऱ्या दिवशी लेक हॉटेलवाल्याकडे जाऊन आला. "शाळा उघडते त्या दिवशी टेम्पो घेऊन येतो म्हणाला," तो म्हणाला आणि होडीपाशी जाऊन बसला. तिच्या तळाचं डांबर एका जागी उडालं होतं. तो तिथे नखाने खरवडत राहिला.

थोरली पडवीत गेली होती. कशाला गेली ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिथे बसल्यावर तिला आवाज आला. बुडबुड्याचा. थांबून थांबून, एखादं म्हातारं माणूस झोपेत ओठ मिटून श्वास सोडतं तसा. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि पिंपावरची फळी उचलली.

वास तोंडावर आला. तिने आयुष्यभर ज्याच्याशी वैर केलं तोच वास. आत काळपट हिरवा लगदा होता, देठ ओळखू न येण्याइतका. त्याच्यावर एक बुडबुडा फुगला, थांबला आणि फुटला. बाजूला दुसरा फुगला.

थोरली बराच वेळ पाहत राहिली. मग तिने बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत आत घातला. आत ऊब होती. तिने मूठभर वर काढलं, नाकाशी धरलं, तोंड वाकडं केलं, पण हात दूर नेला नाही. अंगठा दाबला. लगदा बोटांमधून लोण्यासारखा निघून गेला. रेषा नाही, धागा नाही.

"अगं ए," तिने हाक मारली. "इकडे ये."

धाकटी धावत आली. सासूचा हात बघून दारातच थबकली.

"हे कधीपासून साठवतेयस?"

"साठवत नव्हते, आत्या. तुम्हीच म्हणालात मागे टाक. फेकून देते लगेच."

"फेकतेस कशाला?" थोरलीने लगद्याचा हात तिच्यापुढे धरला. "दाबून बघ. पोटात आणि कडेला, सारखं लागतंय का?"

धाकटीने दाबलं. "सारखं आहे."

"झालंय," थोरली म्हणाली. हा शब्द तिने त्या हंगामात पहिल्यांदा उच्चारला. मग हात पिंपाच्या काठावर निथळवत, सुनेकडे न बघता म्हणाली, "काल त्या पोरापुढे माझं पाप तू पदरात घेतलंस."

"पाप कसलं त्यात..."

"घेतलंस. मला दिसलं. आता बादली आण."

त्या दिवसापासून अंगणाचं काम उलटं झालं. मांडव उतरवून बाजूला लावले. लेकाने, "आता कशाला?" असं विचारलं, तेव्हा थोरलीने त्याच्या हातात आकडी दिली आणि म्हणाली, "टेम्पो यायला अवकाश आहे. तोवर होडी आपलीच आहे. जा."

टाकीतला थर काढायला दोन माणसं लागत. लेक आत वाकून आकडीने तोडायचा, धाकटी टोपल्या भरायची. शेणकाला अंगावर उडायचा, केसांत बसायचा. म्हशीवाली रस्त्याने जाताना थांबली. सवयीने बोलायला तोंड उघडलं, मग दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "उद्या गोठा मी झाडून ठेवते. नुसतं घेऊन जा."

पिंपातला लगदा बादलीबादलीने टाकीत गेला. आतून गुळगुळ आवाज आला. तळ मात्र थोरलीने ढवळू दिला नाही. "विरजण ठेव," ती म्हणाली. त्या तळावर नवी चिरलेली, उन्हात जेमतेम मान टाकलेली पर्णी पडायची, वरून पाणी, मग फळी. शेजारून आणखी दोन पिंपं मागून आणली. थोरली रोज तिन्हींपुढे पाट घेऊन बसायची, हात घालायची, हुंगायची, दाबायची. "ह्यातलं आज नाही. ते मधलं उद्या. हे घे, झालं." धाकटी नेमकं तेवढंच उचलायची. काही दिवसांनी थोरलीने न बघता विचारलं, "मधलं कसंय?" धाकटीने हात घालून दाबलं. "अजून धागा लागतोय." थोरलीने तपासलं नाही. नुसती मान हलवली.

तळ्यावर होडीपाठची मोकळी जागा अंगणाएवढी झाली होती. एका सकाळी तिच्यात आभाळ दिसलं. लेकाने घरी येऊन सांगितलं नाही, पण त्या दिवशी त्याने उडालेल्या डांबराची जागा घासून काढली आणि तिथे नवं डांबर लावलं. कोणासाठी लावतोयस, असं त्याला कोणी विचारलं नाही.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी टोपी वर यायला लागली. आधी बोटभर. मग वीतभर. धाकटीने फिरवली तर लोण्यातून फिरावी तशी फिरली.

*

शाळा उघडली त्या दिवशी ऊन कडक होतं. स्वयंपाकघराला नवा चुना लावायचा म्हणून शेगडी नळीसकट बाहेर अंगणात काढली होती. मुलं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती आणि ताटल्या वाजवत होती. मोठ्या बाई त्यांना गप्प करत होत्या, पण त्यांचंही लक्ष शेगडीकडेच होतं. टाकीवाला आला होता. फाटकापाशी टेम्पो उभा होता आणि हॉटेलवाला रुमालाने मान पुसत होता.

"आधी होडी भरून घेऊ का?" त्याने लेकाला विचारलं. "ऊन वाढतंय."

"एवढं होऊ द्या," लेक म्हणाला.

स्वयंपाकीणबाईंनी चावी फिरवली, काडी ओढली आणि शेगडीपाशी नेली. काडी जळून संपली. त्यांनी ती टाकली. सगळे शेगडीकडे बघत राहिले. शेगडीवर काहीच नव्हतं. लोखंडाची कडी, तिच्यावर ऊन.

"पेटलं नाही," ओळीतलं एक मूल म्हणालं.

स्वयंपाकीणबाईंनी सुस्कारा सोडला. हॉटेलवाल्याने टेम्पोच्या चालकाला खूण केली. लेक फाटकाकडे वळला. तो हळू चालला होता, पण चालला होता. धाकटी जागच्या जागी उभी राहिली.

थोरली पुढे झाली. कुणाला काही न सांगता ती शेगडीपाशी उकिडवी बसली आणि नाक पुढे केलं. गॅसचा वास नव्हता. नळीतून तर सूं आवाज येत होता. वास नाही, मग जातंय कुठे? तिने हात पुढे केला, पिंपात घालायची तसाच, अंगठा आधी.

"आई गं!" तिने हात झटकला आणि अंगठा तोंडात घातला.

"काय झालं आत्या?"

थोरलीने अंगठा तोंडातून काढला. त्याच्यावर लाल ठिपका उठला होता. ती हसत होती. कित्येक महिन्यांत तिच्या पुढच्या दोन पडलेल्या दातांची फट कुणाला दिसली नव्हती.

"झालंय," ती म्हणाली. "सवत उन्हात तोंड लपवतेय. पदर धरा."

धाकटीने पदर पसरून शेगडीवर सावली धरली. सावलीत निळी ज्योत दिसली. कडीच्या भोकाभोकातून, जवाच्या दाण्याएवढ्या, ओळीने, न हलता. टाकीवाला मोठ्याने "अरे वा!" म्हणाला. मुलांनी ताटल्या अशा वाजवल्या की बाईंनी त्यांना गप्प करणं सोडून दिलं. स्वयंपाकीणबाईंनी भाताचं पातेलं चढवलं. धूर नव्हता, म्हणून सवयीने डोळे पुसायला वर केलेला पदर त्यांनी तसाच खाली सोडला.

लेक फाटकातून परत येत होता. हॉटेलवाला त्याच्या मागे.

"अहो, मग होडीचं काय?"

लेकाने आईकडे पाहिलं. थोरली पातेल्याचं झाकण नीट बसवत होती.

"माती भरायला दुसरं काही बघा," ती म्हणाली. "आमच्या होडीला पाण्यात काम आहे." मग लेकाकडे वळून म्हणाली, "तू काय उभा राहिलास? टाकी दुपारी जेवायला मागेल. जा, पर्णी आण."

लेक निघाला. तो फाटकापाशी पोचला तेव्हा तिने मागून पुन्हा हाक मारली.

"आणि ओली आण रे! वाटेत उन्हात ठेवून गप्पा मारत बसलास तर याद राख!"